बांधकामाच्या साइटवर हात धुण्याची फिरती सोय कशी असावी

मुंबईतल्या एखाद्या मोठ्या बांधकामावर दिवसभर पाण्याचाच खेळ चाललेला असतो. सकाळी टँकर रिकामे होतात, नव्या स्लॅबवर कडा बांधून पाणी उभे केले जाते, कॉलमभोवती गुंडाळलेली गोणपाटे भिजवली जातात. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये धूळ नियंत्रणाची नियमावली काढल्यापासून गेटवर डंपरची चाके धुण्याची व्यवस्थाही ठेवावी लागते. दुपारी एक वाजता दीडदोनशे माणसे एकदम जेवायला बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या हातांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी एखाददुसरा नळ, नाहीतर एक उघडा ड्रम आणि त्यात तरंगणारा डबा एवढेच असते. साबण क्वचितच असतो. चाकांसाठी जेवढा विचार झाला, तेवढा हातांसाठी व्हायला हवा, आणि तो करणे फारसे खर्चिक किंवा अवघड नाही. त्यासाठी काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात, आणि त्या ठेकेदार, सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर आणि पुनर्विकासात गेलेल्या सोसायटीचे सभासद अशा सर्वांना समजतील अशा रीतीने मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

फिरते हँडवॉश स्टेशन म्हणजे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेता येईल असे, स्वतःची पाण्याची टाकी आणि स्वतःची सांडपाण्याची टाकी असलेले हात धुण्याचे युनिट. त्याला नळजोडणी लागत नाही, गटारजोडणी लागत नाही आणि बहुतेक प्रकारांना वीजही लागत नाही. बांधकामाची जागा महिन्यामहिन्याला बदलते. आज काम पायाभरणीत असते, चार महिन्यांनी पाचव्या मजल्यावर आणि वर्षभराने विसाव्या मजल्यावर असते. म्हणून कायमचे बेसिन बांधून हा प्रश्न सुटत नाही.

हातावर नेमके काय असते

हात धुणे म्हटले की आपल्याला जंतू आठवतात, आणि ते बरोबरच आहे. शौचानंतर हाताला लागलेले जंतू जेवणातून पोटात गेले की जुलाब, टायफॉइड, कावीळ हे आजार होतात. साबणाने हात धुण्याची सवय लावल्यावर जुलाबाचे प्रमाण साधारण 23 ते 40 टक्क्यांनी कमी होते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. हे अभ्यास मुख्यतः वस्त्या, घरे आणि शाळांमधले आहेत. तरी एकाच साइटवर राहणाऱ्या, एकाच रांगेत शौचाला जाणाऱ्या आणि एकाच ठिकाणी जेवणाऱ्या माणसांना ते लागू होणार नाहीत, असे मानायला काही कारण नाही. रोजंदारीवरच्या माणसाला जुलाब म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली.

परंतु बांधकामावर जंतूंइतकीच, काही कामांत त्याहून जास्त काळजीची बाब म्हणजे रसायने. ओल्या सिमेंटचा सामू (pH) 12 ते 13 असतो, म्हणजे ते अतिशय तीव्र अल्कली असते. पाण्यात कालवलेला माल हाताला लागला की लगेच आग होत नाही, आणि तोच त्याचा धोका आहे. माणूस काम करत राहतो, आणि काही तासांत त्वचा कोरडी पडते, फुटते, चिरा पडतात. जास्त वेळ चिकटून राहिल्यास खोल भाजल्यासारख्या जखमाही होतात. अंगठीखाली, मनगटावरच्या धाग्याखाली, कड्याखाली अडकलेला माल सर्वांत जास्त त्रास देतो. हातमोजा घातला म्हणून सुटका होत नाही. मोज्याच्या आत ओले सिमेंट गेले तर ते तिथे दाबून धरल्यासारखे राहते, म्हणून मोजे घालण्याआधीही हात धुतलेले असावे लागतात.

सिमेंटमध्ये अत्यल्प प्रमाणात विद्राव्य क्रोमियम असते, ज्याला रसायनशास्त्रात षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. ते भिजलेल्या, फुटलेल्या त्वचेतून आत जाते आणि काही माणसांना त्याची ॲलर्जी जडते. एकदा ती जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि मग थोडासा माल हाताला लागला तरी खाज, पुरळ आणि स्राव सुरू होतो. वीस वर्षे गवंडीकाम केलेला माणूस अशा वेळी धंदाच सोडतो. डेन्मार्कने 1983 मध्ये, आणि पुढे युरोपीय संघाने 2005 पासून, सिमेंटमधल्या या क्रोमियमवर दशलक्ष भागांत 2 भाग अशी मर्यादा घातली. त्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळले जाते. सिमेंटमध्ये काय मिसळायचे हे कारखान्यात ठरते. साइटवर आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे माल त्वचेवर जितका कमी वेळ राहील तितके बरे, म्हणजेच जवळ, वाहत्या पाण्याखाली आणि दिवसातून अनेकदा हात धुता येणे.

तिसरी गोष्ट शिसे. भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण गिरगाव, लालबाग, परळ भागातल्या जुन्या इमारतींच्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आणि जिन्यांच्या कठड्यांवर त्याआधीच्या रंगांचे थरावर थर आहेत. दुरुस्तीच्या वेळी ते पॉलिश पेपरने घासले जातात आणि धूळ हातावर बसते. शिसे त्वचेतून फारसे आत जात नाही, ते तोंडावाटे जाते.

आणि तोंडाकडे जाणारी वाट आपल्याकडे फार रुळलेली आहे. आपण हाताने जेवतो. बिडी ओठांत धरतो. त्याहून थेट म्हणजे तंबाखू: डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन उजव्या अंगठ्याने दोन मिनिटे मळायचा, थापटायचा आणि ओठाखाली ठेवायचा. तळहातावर असलेले सगळे, मग ते सिमेंट असो, शिशाची धूळ असो की जंतू असोत, त्या मळण्यात मिसळते आणि तोंडात बराच वेळ राहते. तंबाखू सोडणे हे उत्तम आहेच. पण जोवर ती सुटलेली नाही, तोवर मळण्याआधी हात धुता यावेत एवढी सोय तरी माणसाच्या जवळ असली पाहिजे. साइटवरच्या आरोग्याच्या पत्रकांत हा मुद्दा अभावानेच दिसतो, म्हणून तो येथे मुद्दाम लिहिला आहे.

सॅनिटायझरने का भागत नाही

कोविडच्या काळात गेटवर सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या, आणि काही साइटवर आजही त्यालाच हात धुण्याची सोय म्हटले जाते. सॅनिटायझरमधले अल्कोहोल जंतूंना मारते, पण हातावरचे काहीही काढून टाकत नाही. सिमेंट, शिसे, ग्रीस, डांबर जिथल्या तिथे राहते. शिवाय मळलेल्या हातावर अल्कोहोल जंतूंपर्यंत नीट पोचत नाही, आणि जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या काही विषाणूंवर ते कमीच चालते. फुटलेल्या हातांवर ते झोंबते, त्यामुळे ज्याला गरज सर्वांत जास्त तोच माणूस ते टाळतो.

साबणाचे काम वेगळे आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. हात चोळल्यावर ही तेलाकडची टोके मळ आणि जंतूंभोवती गोळा होतात, त्यांना त्वचेपासून सोडवतात, आणि मग पाणी ते सगळे वाहून नेते. म्हणून चोळण्याला वीस सेकंद द्यावे लागतात आणि म्हणून पाणी वाहते असावे लागते. एकाच बादलीत दहा जणांनी हात बुडवले तर पहिल्याच्या हातावरचे दहाव्याच्या हातावर जाते. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याची मुळे आणि नखांच्या कडा या जागा घाईत सुटतात, आणि माल नेमका तिथेच अडकतो.

कोणता साबण हाही प्रश्न साधा नाही. कपड्याचा साबण किंवा धुण्याची पावडर स्वतःच अल्कलीयुक्त असते. सिमेंटने आधीच हैराण झालेल्या त्वचेवर ती वापरणे म्हणजे त्रासात भर घालणे होय. सिमेंटच्या कामावर सौम्य, शक्यतो तटस्थ सामू असलेला द्रवसाबण द्यावा, आणि तो परवडत नसेल तर अंगाचा साबण तरी असावा. रंगारी हात थिनरने पुसतात, फिटर डिझेलने. त्याने डाग जातो, पण त्वचेतले नैसर्गिक तेलही जाते आणि हात पुढच्या रसायनाला उघडे पडतात. हात धुतल्यावर आणि दिवसाच्या शेवटी खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडची जुनी सवय कोरड्या त्वचेसाठी चांगली आहे, मात्र तेल म्हणजे हातमोज्याला पर्याय नव्हे.

युनिटचे भाग आणि त्यांची कारणे

साध्या युनिटमध्ये वर किंवा आत स्वच्छ पाण्याची टाकी असते, तिच्यातून पाणी नळाला येते, खाली बेसिन असते, बेसिनमध्ये गाळणी असते आणि त्याखाली सांडपाण्याची टाकी. बाजूला साबणाची जागा. चांगल्या युनिटमध्ये पाणी पायाने दाबायच्या पंपाने येते. पायपंपात एक लवचीक फुगा आणि दोन एकदिशा झडपा असतात. पाय दाबला की फुग्यातले पाणी वरच्या झडपेतून नळाकडे जाते, आणि पाय उचलला की फुगा पुन्हा फुगताना खालच्या झडपेतून टाकीतले पाणी आत ओढतो. यात वीज नाही, गुंतागुंत नाही आणि दुरुस्तीला फक्त दोन झडपा आहेत.

पायपंपाचे दोन फायदे आहेत. मळलेल्या हाताने नळ उघडायचा आणि धुतलेल्या हाताने तोच मळलेला नळ बंद करायचा, हा घोटाळा त्यात टळतो. दुसरा फायदा पाण्याचा. घरच्या नळासारखा नळ मिनिटाला सहा ते आठ लिटर पाणी देतो, आणि साबण चोळताना तो कोणी बंद करत नाही, त्यामुळे एका वेळच्या हात धुण्यात चारपाच लिटर सहज जाते. पायपंपाची धार मिनिटाला दोनतीन लिटरची असते आणि ती दाबले तेवढीच येते, त्यामुळे एक लिटरमध्ये हात नीट धुऊन होतात. ज्या शहरात साइटवरचे पाणी विकत घ्यावे लागते तिथे हा फरक मोठा आहे. पायपंप नको असेल तर उंचावर ठेवलेल्या ड्रमला रेल्वेच्या डब्यातल्यासारखा दाबनळ बसवता येतो. तो सोडला की आपोआप बंद होतो आणि त्याची सवय सगळ्यांनाच असते.

सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा थोडी मोठीच असावी. स्वच्छ पाणी दुपारी पुन्हा भरले जाते, पण सांडपाणी काढायचे राहून जाते, आणि मग बेसिन तुंबून पायाखाली चिखल होतो. बेसिन खोल आणि रुंद असावे, कारण येथे कोपरापर्यंत माल लागलेले हात धुवायचे असतात. हॉटेलच्या बेसिनच्या मापाचे भांडे येथे कुचकामी ठरते. रिकामे युनिट दोन माणसांना उचलता यावे, कारण 80 लिटर पाण्याचे वजनच 80 किलो असते आणि भरलेले युनिट कोणी हलवत नाही.

हात पुसण्याबाबत माझे मत असे आहे की सामाईक टॉवेल ठेवूच नये. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तो दिवसभर वाळत नाही आणि शंभर हातांचा ओलावा धरून ठेवतो. कागदी टॉवेल महाग पडतात आणि वाऱ्याने साइटभर उडतात. आपापला स्वच्छ गमछा किंवा मोकळ्या हवेत हात झटकून वाळवणे, हे दोन्ही चालण्यासारखे आहे.

किती नळ लागतात

बहुतेक साइटवर युनिट घेतले जाते ते एक किंवा दोन, आणि मग तक्रार येते की माणसे ते वापरत नाहीत. याचे उत्तर बहुधा माणसांच्या सवयीत नसून साध्या गणितात असते.

समजा साइटवर 200 माणसे आहेत आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे. हात ओले करणे, साबण लावणे, वीस सेकंद चोळणे आणि धुऊन घेणे मिळून एका माणसाला साधारण चाळीस सेकंद लागतात. म्हणजे एका नळावर मिनिटाला दीड माणूस, दहा मिनिटांत पंधरा माणसे. सुट्टीची पहिली दहा मिनिटे हात धुण्यात जाऊ शकतात असे धरले, तरी 200 माणसांसाठी चौदा नळ लागतात. दोन नळ असतील तर शेवटच्या माणसाचा नंबर एक तासाहून अधिक वेळाने लागेल, म्हणजे तो येणारच नाही. तो डब्याच्या झाकणात थोडे पाणी घेऊन बोटे ओली करेल आणि जेवायला बसेल, आणि त्याच्या जागी कोणीही असते तरी तेच केले असते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे सुट्टी दोन पाळ्यांत देणे. सेंटरिंग आणि सळईवाले साडेबाराला, गवंडी आणि बिगारी एकला, अशी विभागणी केली की नळ निम्मे पुरतात. दुसरा म्हणजे एकाच लांब बेसिनवर चारपाच नळ असलेले युनिट घेणे, जे एकेरी युनिटपेक्षा दर नळामागे स्वस्त पडते. अमेरिकेत शेतमजुरांसाठी 1987 मध्ये झालेल्या नियमांत वीस माणसांमागे हात धुण्याची एक जागा, आणि ती पाव मैलाच्या, म्हणजे साधारण 400 मीटरच्या आत, असे प्रमाण आहे. वीसमागे एक हा आकडा आपल्या साइटसाठीही सुरुवातीला धरायला योग्य आहे. पण चारशे मीटर हे अंतर आपल्या उभ्या साइटला लागू पडत नाही, त्याचे कारण पुढे येते.

पाण्याचा हिशोबही असाच करावा. एका माणसाने दिवसात पाच वेळा हात धुतले तर पाच लिटर, म्हणजे वीस माणसांना 100 लिटर. 80 लिटरची टाकी असेल तर ती जेवणाच्या सुट्टीआधी पुन्हा भरावीच लागेल. 200 माणसांना दिवसाला 1,000 लिटर लागते. मुंबईत येणारा टँकर साधारण 10,000 लिटरचा असतो, म्हणजे हा त्याचा दहावा भाग झाला. पाणी परवडत नाही हे कारण या हिशोबापुढे टिकत नाही.

पाणी कुठून आणायचे आणि कुठे सोडायचे

हात धुण्याचे पाणी पिण्याच्या दर्जाचे असले तर उत्तमच, पण तसे बंधन नाही. ते दिसायला स्वच्छ, दुर्गंधी नसलेले आणि क्लोरिन दिलेले असावे. टँकरचे पाणी 200 लिटरच्या ड्रममध्ये घेतले असेल आणि लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचे असेल, तर 400 मिलिग्रॅम क्लोरिन लागते. सुमारे 30 टक्के क्लोरिन असलेल्या ताज्या ब्लीचिंग पावडरचे ते साधारण सव्वा ते दीड ग्रॅम होतात. पावडर आधी मगभर पाण्यात कालवून, खाली बसलेला चोथा टाकून, वरचे पाणी ड्रममध्ये घालावे आणि अर्धा तास थांबावे. उघडी ठेवलेली जुनी पावडर निकामी झालेली असते, हे लक्षात ठेवावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. बांधकामासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आलेले शुद्ध केलेले पाणी वापरण्याकडे कल वाढला आहे, आणि पाणी वाचवण्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. पण ते पाणी काँक्रीटसाठी, धूळ बसवण्यासाठी आणि चाके धुण्यासाठी आहे. ते हात धुण्याच्या टाकीत जाता कामा नये, कारण त्या हातांनी माणूस जेवणार आहे. दोन्ही टाक्यांचे रंग वेगळे असावेत, पाइप वेगळे असावेत, आणि साइटवर ज्या भाषा बोलल्या जातात त्यांत, आणि न वाचता येणाऱ्यांसाठी चित्रातही, टाकीवर स्पष्ट खूण असावी. एप्रिल 2025 मध्ये टँकर संघटनेने संप केला तेव्हा शहरभर पाण्याची ओढाताण झाली. अशा वेळी हात धुण्याचे पाणी सर्वांत आधी बंद होते, म्हणून दोन दिवसांचे पाणी झाकून वेगळे राखून ठेवावे.

सांडपाण्याकडे त्याहून कमी लक्ष जाते. मुंबईत पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे वेगळी आणि मलनिःसारणाच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पावसाच्या गटारांतले पाणी नाल्यांतून प्रक्रियेविना खाडीत आणि समुद्रात जाते. हात धुतलेले पाणी तिकडे सोडू नये. ते शौचालयाच्या वाहिनीत सोडावे किंवा शौचालयात ओतण्यासाठी वापरावे. त्याआधी ते एका डब्यात तासभर थांबू द्यावे, कारण त्यातले सिमेंट आणि वाळू तळाशी बसतात. हा गाळ थेट पाइपात गेला तर आत घट्ट होतो आणि पाइप कापून काढावा लागतो. हे पाणी काँक्रीट कालवायला मात्र कधीही वापरू नये, कारण साबणाच्या फेसामुळे काँक्रीटमध्ये हवा अडकते आणि त्याची ताकद घटते.

जागा

उंच इमारतीवर अंतर मीटरांत मोजून चालत नाही, ते लिफ्टच्या फेऱ्यांत मोजावे लागते. तिसाव्या मजल्यावर प्लास्टर करणाऱ्या गवंड्यासाठी तळमजल्यावरचे स्टेशन नसल्यासारखेच आहे, कारण साइटची लिफ्ट मालासाठी अडलेली असते आणि खाली जाऊन वर यायला अर्धा तास जातो. ज्या मजल्यांवर काम सुरू आहे, त्यांत दर चारपाच मजल्यांमागे एक युनिट असावे आणि काम वर सरकले की तेही वर सरकावे. पाणी वर कसे न्यायचे हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. क्युरिंगचे, म्हणजे नवे काँक्रीट भिजत ठेवण्याचे, पाणी प्रत्येक मजल्यावर पंपाने चढवलेलेच असते. ते चांगल्या दर्जाचे असेल तर त्याच लाइनवरून युनिटची टाकी भरता येते, आणि नसेल तर साइटच्या लिफ्टच्या सकाळच्या पहिल्या फेरीत कॅन चढवावेत.

तळावर स्टेशनची जागा शौचालय आणि जेवणाची जागा यांच्या मधल्या वाटेवर असावी, म्हणजे ते शोधायला वेगळे जावे लागत नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ मात्र त्याच्यापासून दूर असावा. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्यात हे अंतर किमान सहा मीटर सांगितलेले होते. स्त्री कामगार असतील तर त्यांच्या शौचालयाजवळ, आडोसा असलेले वेगळे युनिट द्यावे. त्यांना मासिक पाळीच्या दिवसांत पाणी आणि साबण आडोशातच लागतो, आणि तान्ह्या मुलाला पाजण्याआधी सिमेंटचे हात धुण्याची गरज तर सांगायलाही नको.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. हँडवॉश स्टेशन हे डोळे धुण्याचे उपकरण नव्हे. डोळ्यात चुना किंवा सिमेंट उडाले तर किमान पंधरा मिनिटे सतत, मंद आणि स्वच्छ पाण्याची धार लागते. त्यासाठी वेगळी सोय ठेवावी, आणि धुऊन झाल्यावर दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यात आणखी एक जबाबदारी वाढते. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी डास आणि डेंग्यूचा एडिस डास, दोघेही साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, आणि बांधकामाच्या जागा ही त्यांची आवडती ठिकाणे आहेत. महापालिकेचा कीटकनाशक विभाग याचसाठी साइट तपासतो आणि नोटिसा देतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवामानात साधारण आठदहा दिवस लागतात. म्हणून प्रत्येक टाकीला घट्ट झाकण असावे, हवेच्या भोकाला बारीक जाळी असावी, आणि आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करून मगच भरावी. नीट न सांभाळलेले स्टेशन जुलाब थांबवील आणि मलेरिया आणील.

कायदा आणि रोजचे काम

कारखान्यातल्या कामगारांसाठी धुण्याच्या सोयीचे स्वतंत्र कलम 1948 च्या कारखाने कायद्यातच होते. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पिण्याचे पाणी, शौचालय, तात्पुरती घरे, पाळणाघर, प्रथमोपचार आणि उपाहारगृह यांसाठी कलमे होती, पण कामाच्या जागी हात धुण्यासाठी वेगळे कलम नव्हते. ही उणीव मला मोठी वाटत असे, कारण अल्कलीत दिवसभर हात घालून काम करणारे तेच आहेत. व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयीच्या 2020 च्या संहितेत धुण्याच्या पुरेशा आणि योग्य सोयीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, आणि ती स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असावी असेही म्हटले आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांच्या जागी लागू झाली आहे. मागणी करायला आता कायद्याचा आधार आहे.

तरीही युनिट चालते ते रोजच्या कामावर. सकाळी टाकी भरणे, साबण पाहणे, जेवणाआधी पुन्हा भरणे, संध्याकाळी सांडपाणी काढणे आणि गाळणी साफ करणे, हे मिळून एका माणसाचे दिवसातले तास-दीड तासाचे काम आहे. ते ज्याच्याकडे द्यायचे त्याच्या मजुरीत ते धरलेले असले पाहिजे. सगळ्यांचे काम म्हणून सोडले तर तिसऱ्या दिवशी टाकी कोरडी असते, आणि एकदा कोरडा नळ दाबून परतलेला माणूस पुन्हा तिकडे वळत नाही. साबण नाहीसा होतो अशी तक्रार मुकादम करतात. वडी जाळीच्या पिशवीत घालून दोरीने बांधली, किंवा कुलूपबंद डब्यातून द्रवसाबण दिला, तर ती बरीचशी मिटते. द्रवसाबणात पाणी घालून तो वाढवू नये, कारण पातळ केलेल्या साबणात जंतू वाढू लागतात. आणि काही वड्या माणसे घरी नेत असतील, तर त्यांच्या खोलीवर साबण नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. महिन्याच्या सामानात त्या धरून चालावे.

सोसायटी पुनर्विकासाला जाते तेव्हा सभासद करारात टाइल्सची कंपनी आणि लिफ्टची क्षमता लिहून घेतात. त्याच करारात कामगारांसाठी शौचालय, पिण्याचे पाणी आणि वीस माणसांमागे साबणासह एक हात धुण्याचा नळ, ही ओळ घालून घेता येते. साइट मीटिंगला जाणाऱ्या समिती सदस्याने तो नळ स्वतः दाबून पाहावा.

घरातल्या छोट्या कामांचे काय, हा प्रश्न राहतो. फ्लॅटमध्ये टाइल्स बदलायला किंवा रंगकामाला तीनचार माणसे महिनाभर येतात, आणि बाथरूम तोडलेले असल्यामुळे त्यांना हात धुवायला जागाच नसते. तिथे मोठ्या युनिटची गरज नाही. नळ बसवलेला वीस लिटरचा कॅन स्टुलावर ठेवावा, खाली बादली, शेजारी साबणाची वडी, आणि कॅन सकाळी स्वयंपाकघराच्या नळावर भरून द्यावा. बादली संध्याकाळी संडासात ओतावी, बेसिनमध्ये ओतू नये, आणि तळाशी बसलेला सिमेंटचा गाळ खरवडून डेब्रिजच्या गोणीत टाकावा.